नकाशात नसलेली जमीन : वर्धा जिल्ह्यातील एका धोका-प्रबोधन प्रस्तावाचा प्रकरण अभ्यास

वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथे कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याचे मैदान आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी तेथे २३ मिलिमीटरच्या दारूगोळ्याच्या पेट्या उतरवल्या जात असताना स्फोट झाला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा एक कर्मचारी होता. बाकीचे बहुतेक कंत्राटावर कामाला आलेले स्थानिक लोक होते. त्याच्या अडीच वर्षे आधी, ३१ मे २०१६ रोजी, पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात रणगाडाविरोधी सुरुंग साठवलेल्या शेडला आग लागून दोन लष्करी अधिकारी आणि भांडाराच्या अग्निशमन दलातील अनेक कर्मचारी दगावले होते.

या घटनांची चौकशी हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. २०१८ च्या स्फोटानंतर आमच्या लहानशा संस्थेने या परिसरातील एका गावासाठी आंतरराष्ट्रीय निधीदात्यांकडे धोका-प्रबोधनाचा, म्हणजे स्फोटक वस्तूंपासून लोकांना सावध करण्याच्या कामाचा, प्रस्ताव पाठवला. तो नाकारला गेला, आणि नकाराची कारणे समजून घेता घेता आमच्याच प्रस्तावातील मोठी चूक आमच्या ध्यानात आली. त्या सगळ्या व्यवहाराची ही नोंद आहे. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. प्रस्ताव मी स्वतः लिहिलेला असल्यामुळे नोंद तटस्थ असल्याचा दावा करता येत नाही.

आमची संस्था मूळची बचत गट आणि पाणलोटाची कामे करणारी. स्फोटके हा आमचा प्रांतच नव्हता. या विषयाकडे आम्हाला वळवले ते गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, नोकरी करून ते परतले होते आणि निवृत्तीनंतर काही वर्षे माजी सैनिकांच्या एका पथकाबरोबर उत्तर श्रीलंकेत सुरुंग काढण्याचे काम करून आले होते. पंचक्रोशीत त्यांना सगळे सुभेदार काका म्हणतात. श्रीलंकेतले काम ते सांगत तेव्हा ऐकणाऱ्या शेतकऱ्यांना सर्वांत जास्त नवल वाटे ते अवजाराचे. तिथल्या भुसभुशीत जमिनीत सुरुंग शोधण्यासाठी धातुशोधकाबरोबरच चक्क दंताळे वापरले जाते. जमीन बोटभर बोटभर मागे ओढत, कडेने उकरत जायचे, म्हणजे दाब सुरुंगाच्या माथ्यावर न येता तो बाजूने उघडा पडतो. तमिळ वाघांनी (एलटीटीई) लाकडी पेटीत बनवलेला ‘जॉनी’ सुरुंग पावसाने कुजलेला असे. त्याचे झाकण कोणत्या अवस्थेत आहे हे कळेपर्यंत काका श्वास रोखून बसत. ‘आपल्याकडे दंताळ्यानं काडीकचरा ओढतेत, तिकडं मरण ओढत होतो,’ असे ते एकदा सहज म्हणाले आणि लगेच तंबाखूची डबी काढली.

आमच्या प्रकरणाच्या दृष्टीने दंताळ्यापेक्षा त्यांच्या पगाराची गोष्ट अधिक महत्त्वाची होती. श्रीलंकेतल्या सुरुंगमुक्तीला जपान, अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे अशा देशांचा पैसा मिळत होता, आणि २००९ मध्ये युद्ध संपल्यावर विस्थापितांना गावी परतता यावे म्हणून भारत सरकारनेही भारतीय पथकांचा खर्च उचलला होता. म्हणजे या व्यवहारात भारत देणाऱ्यांच्या रांगेत उभा होता. घेणाऱ्यांच्या रांगेत तो कधीच नव्हता. हे वाक्य आमच्या तेव्हा नीट ध्यानात आले असते तर पुढचे वर्षभराचे श्रम वाचले असते.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही गावात घरोघर फिरलो. गावातील काही कुटुंबांचे पुरुष हंगामात मैदानावर खड्डे खोदण्याच्या आणि वाळूची पोती भरण्याच्या कामाला जात. दारूगोळा खड्ड्यात ठेवून, वर पोती रचून उडवला की धातूचे तुकडे दूरवर उडतात, पावसात उघडे पडतात, आणि वेचणाऱ्याच्या हाती लागतात. लोखंड सगळ्यांनाच माहीत असते. खरा जीव असतो पितळेत आणि तांब्यात, कारण भंगारात पितळेला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो.

एका घराच्या पडवीत पऱ्हाटीच्या भाऱ्याशेजारी एक घमेले होते आणि त्यात पितळी पुंगळ्या, वाकलेल्या पट्ट्या, तांब्याचे कडे असे काहीबाही पडले होते. शेजारी तीन-चार वर्षांचे पोर त्यांतली एक पुंगळी तोंडाला लावून पिपाणीसारखी फुंकत होते. काकांनी घमेल्यात हात घातला, एक तुकडा अर्धवट उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. तुकडा त्यांनी वर घेतला नाही की खाली टाकला नाही. जसा होता तसा इतक्या सावकाश टेकवला की घमेले वाजलेदेखील नाही. मग अगदी शांत आवाजात त्यांनी बाईंना पोराला उचलून रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली जायला सांगितले, आम्हालाही तिकडेच जायला सांगितले, आणि पोलीस पाटलांना फोन लावला. त्या तुकड्याला शाबूत टोपी होती, म्हणजे तो धक्क्याने फुटू शकत होता. दुपारपर्यंत बॉम्बशोधक पथक येऊन तो घेऊन गेले.

कडुलिंबाखाली झालेले बोलणे मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवले होते.

‘वयनी, हे घरात काहून ठेवलं?’

‘रिकाम्या हायेत त्या, काका. आमाले भरलेली न् रिकामी समजते.’

‘समजत होतं तर ही कशी आली?’

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘कापूस वेचाले किलोमागं काय भेटते, थे तुमाले ठाऊक हाय ना? न् वेचणी का बारा महिने रायते?’

या दोन वाक्यांत सगळे प्रकरण होते, पण ते मला तेव्हा दिसले नाही. मला दिसले ते घमेले आणि पोर, आणि त्यांच्यावरून मनात तयार झालेले एक भित्तिपत्रक.

धोका-प्रबोधनाचे एक सुस्थापित शास्त्र आहे. आंतरराष्ट्रीय सुरुंग-कृती (सुरुंग काढणे आणि त्यांच्यापासून लोकांना वाचवणे) मानकांत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि गेल्या काही वर्षांत ‘सुरुंग’ हा शब्द मागे पडून ‘स्फोटक वस्तूंविषयी धोका-प्रबोधन’ अशी व्यापक संज्ञा रूढ झाली आहे, कारण पाय पडून फुटणाऱ्या सुरुंगाइतकाच न फुटलेला गोळा, क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेला छोटा बॉम्ब किंवा टाकून दिलेला दारूगोळाही माणसे मारतो. लँडमाइन मॉनिटर या वार्षिक अहवालाने २०२३ या एका वर्षात जगभर ५,७५७ जण मृत वा जखमी झाल्याची नोंद केली; त्यांत ज्यांची ओळख पटली त्यांपैकी ८४ टक्के सामान्य नागरिक होते आणि वय माहीत असलेल्या नागरिकांत ३७ टक्के मुले होती. धोका पत्करणाऱ्यांचे या शास्त्राने ढोबळ प्रकार पाडले आहेत. काहींना धोका आहे हेच माहीत नसते. काहींना धोका माहीत असतो, पण कसे वागावे हे माहीत नसते किंवा चुकीचे माहीत असते. काही जण, विशेषतः पोरसवदा मुले, सगळे माहीत असून बेफिकीर असतात. आणि काहींना सगळे माहीत असते, भीतीही वाटते, तरी पोटासाठी जावे लागते. पहिल्या तिघांसाठी चित्रे, पथनाट्ये, शाळेतील तास यांचा उपयोग होतो. चौथ्यापुढे चित्र धरणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे.

आमचे गाव चौथ्या प्रकारात बसत होते आणि मी प्रस्ताव पहिल्या प्रकारासाठी लिहिला.

असे का केले, याचे प्रामाणिक उत्तर असे की अर्जाचा नमुनाच तसा होता. निधीदात्याच्या नमुन्यात ‘किती व्यक्तींपर्यंत पोहोचणार’ असा रकाना असतो आणि तो स्त्री, पुरुष, मुलगे, मुली असा विभागून भरायचा असतो. सत्रे किती, भित्तिपत्रके किती, प्रशिक्षित शिक्षक किती, हे मोजता येते. एका बाईने घमेले पडवीतून उचलून बाहेर नेले, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? शाळा, अंगणवाड्या, बचत गट, ग्रामसभा असे सगळे धरून अठरा महिन्यांचा आराखडा मी बसवला आणि २०२० च्या सुरुवातीला तो एका युरोपीय देशाचा निधी वाटणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे पाठवला. काकांनी तो वाचून एवढेच विचारले होते की यात भंगारवाला कुठे आहे. मी म्हणालो, ‘काका, भंगारवाल्यासाठी कोणी पैसे देत नाही.’ ते खरेही होते, पण ते उत्तर नव्हते.

मध्यस्थ संस्थेचे उत्तर सभ्य आणि थोडक्यात होते. आपल्या देशात सुरुंग-कृतीचे राष्ट्रीय प्राधिकरण कोणते, सदर क्षेत्राची संशयित वा निश्चित धोकाक्षेत्र म्हणून नोंद झाली आहे काय, धोका सशस्त्र संघर्षातून उद्भवला आहे काय, आणि शासनाचे विनंतीपत्र जोडता येईल काय, असे त्यांनी विचारले होते. चारही प्रश्नांना आमचे उत्तर ‘नाही’ होते.

या प्रश्नांमागची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती मनमानी नाही. १९९७ मध्ये ओटावा येथे स्वाक्षऱ्या झालेला आणि १ मार्च १९९९ पासून अमलात आलेला सुरुंगबंदी करार सदस्य देशावर दहा वर्षांत आपल्या ताब्यातील सुरुंगक्षेत्र साफ करण्याचे बंधन घालतो आणि त्याच्या सहाव्या कलमानुसार अशा देशाला इतरांकडे साहाय्य मागण्याचा हक्क देतो. बंधन आणि हक्क ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. मोझांबिकसारखा देश दोन दशकांहून अधिक काळ या मदतीवर काम करत २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला, तो याच मार्गाने. भारत या कराराचा सदस्य नाही. लांबच लांब सीमांच्या रक्षणासाठी सुरुंगांची गरज आहे, अशी भारताची भूमिका आहे. विशिष्ट पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराचा आणि त्याला जोडलेल्या सुधारित दुसऱ्या प्रोटोकॉलचा व पाचव्या प्रोटोकॉलचा मात्र भारत सदस्य आहे. पाचवा प्रोटोकॉल युद्धोत्तर स्फोटक अवशेषांविषयी असून त्यातही साहाय्याची तरतूद आहे, पण तो सशस्त्र संघर्षातून मागे राहिलेल्या अवशेषांपुरता आहे. लष्कराच्या स्वतःच्या मैदानावर, शांततेच्या काळात, नियमाप्रमाणे नष्ट केलेल्या दारूगोळ्याचा उडालेला तुकडा त्या व्याख्येत येत नाही.

सदस्यत्व हीच एकमेव किल्ली आहे, असेही समजू नये. लाओस सुरुंगबंदी कराराचा सदस्य नसताना त्या देशाला मोठी मदत मिळत आली, कारण १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने तिथे वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले होते आणि पुढे तिलाच ती जबाबदारी अंशतः मान्य करावी लागली. २०१६ मध्ये तिथे गेलेल्या ओबामांनी तीन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलर जाहीर केले. लाओसमध्येही बॉम्बचे भंगार वेचणे ही गरिबाची जोडकमाई आहे आणि तिथल्या प्रबोधकांनी भंगाराच्या धंद्याचा अभ्यास फार पूर्वीच केला होता. घमेल्यापुरते पाहिले तर आमचे गाव आणि लाओसमधले गाव यांत अंतर नव्हते. पण निधी घमेले बघून येत नाही. कोणी कोणावर बॉम्ब टाकले, कोणाला त्याची लाज आहे, कोणत्या सरकारने मागणी केली, हे बघून तो येतो. यात मी तक्रार करत नाही. जगभर मिळून वर्षाला एक अब्ज डॉलरच्या आसपास फिरणारा हा पैसा युक्रेन, अफगाणिस्तान, इराक, अंगोला अशा ठिकाणी अपुरा पडत असताना, अण्वस्त्रधारी आणि स्वतः दाता असलेल्या देशातील एका गावाने त्या रांगेत उभे राहावे, हे मला आज काहीसे विचित्रच वाटते.

गडचिरोलीचा प्रश्न या ठिकाणी हमखास विचारला जातो. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगस्फोटात पंधरा जवान आणि वाहनाचा चालक असे सोळा जण मारले गेले, मग तिथे तरी असा निधी का नाही? तांत्रिक उत्तर असे की दुरून कळ दाबून उडवलेला सुरुंग ओटावा कराराच्या व्याख्येत बसत नाही. माणसाच्या स्पर्शाने वा वजनाने फुटणारा बसतो, मग तो कारखान्यात बनलेला असो वा जंगलात. व्यावहारिक उत्तर मात्र सरळ आहे. तो शासनाच्या दृष्टीने अंतर्गत सुरक्षेचा विषय आहे आणि शासन तिथे परकीय निधी मागणार नाही. त्यावर येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आमच्यापुरता दुसरा अडसर देशातलाच होता. आमच्याकडे परकीय देणग्या (विनियमन) कायद्याखालील नोंदणी नव्हती. नागपुरातील एका मोठ्या संस्थेकडे ती होती, आणि पैसा त्यांच्याकडे यावा व त्यांनी तो कामापुरता आमच्याकडे वर्ग करावा, असे तोंडी ठरले होते. लहान संस्था वर्षानुवर्षे अशाच चालत. सप्टेंबर २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोंदणीकृत संस्थेने परकीय देणगी दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. म्हणजे युरोपातून होकार आला असता तरी पैसा नागपुरात येऊन थांबला असता. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा पैसा या कायद्यात ‘परकीय स्रोत’ धरला जात नाही, हे आम्हाला एका सनदी लेखापालांनी सांगितले तेव्हा क्षणभर आशा वाटली होती. पण संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यजमान सरकारच्या संमतीने आणि आराखड्यानुसार काम करतात, त्यामुळे त्या दारातून आत गेले तरी समोर पुन्हा तेच विनंतीपत्र उभे होते.

प्रस्तावाची फाइल अशा रीतीने बंद झाली. करोनाचे वर्ष गेले. २०२१ च्या पोळ्यानंतर काकांनी स्वतःहून विषय काढला आणि या वेळी त्यांनी सुरुवात भंगारवाल्यापासून केली.

या टप्प्यात खर्च जवळजवळ नव्हता, म्हणून त्याचे कौतुक करण्याचा मोह होतो; तो टाळतो. काकांनी केले ते एवढेच. परिसरातून फेरी करणाऱ्या तीन भंगारवाल्यांना त्यांनी घरी बोलावून चहा पाजला आणि त्यांना गावाच्या धोक्याविषयी न सांगता त्यांच्याच धोक्याविषयी सांगितले. तुकडा पडवीत एकदा ठेवला जातो. भंगारवाला तो ताणकाट्याला लावतो, पोत्यात टाकतो, मोटरसायकलवरून आदळत नेतो आणि शेवटी कुणीतरी त्याच्यावर हातोडा घालतो. गावातल्या कोणाहीपेक्षा त्याची गाठ मरणाशी जास्त वेळा पडते. शाबूत टोपी आणि उडालेली टोपी यांतला फरक त्यांनी कागदावर काढून दाखवला. खरी वस्तू दाखवण्याचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी स्वच्छ नकार दिला, कारण ओळखायला शिकलेला माणूस हात लावायलाही शिकतो, असे त्यांचे मत होते. प्रबोधनाच्या मानकांतही नेमके हेच आहे. लोकांना वस्तू ओळखून निवडायला शिकवायचे नाही. हात न लावता मागे फिरायला आणि कळवायला शिकवायचे असते.

तिघांपैकी दोघांनी पुंगळ्या घेणे बंद केले. एकाने दुकानावर तसा फलकही लावला. ग्रामसभेत ठराव झाला, शाळेतल्या मुलांकडून पोलीस पाटलांचा नंबर पाठ करून घेतला गेला, आणि ज्या कुटुंबांची पितळेवर खरोखर मदार होती त्यांच्यापैकी काहींना रोजगार हमीच्या कामावर घेण्यासाठी पाठपुरावा झाला. या शेवटच्या कामात आम्हाला सर्वांत कमी यश आले. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम देण्याची कायद्यातली हमी आणि प्रत्यक्ष हजेरीपट यांतले अंतर वेगळ्या लेखाचा विषय होईल, परंतु या गावात धोका कमी होणे न होणे त्या हजेरीपटावर जितके अवलंबून होते तितके कोणत्याही भित्तिपत्रकावर नव्हते.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परकीय मदत नव्वद दिवसांसाठी स्थगित केली, आणि सर्वांत मोठ्या दात्याचा पैसा थांबताच कंबोडियासारख्या देशांत सुरुंग काढणाऱ्या पथकांना काम अर्धवट सोडावे लागले. ती बातमी वाचून काकांनी फोन केला होता. अर्धे दंताळलेले शेत तसेच सोडून जाणे म्हणजे काय असते, हे ते बराच वेळ सांगत राहिले. कुठवर जमीन साफ झाली हे दाखवणाऱ्या खुंट्या गावकरी सरपणाला उपटून नेतात आणि पुढचे पथक येते तेव्हा पुन्हा पहिल्या फुटापासून सुरुवात करावी लागते. आमचा प्रस्ताव मंजूर होऊन अशाच एखाद्या पैशावर उभा असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात आला, पण तो त्यांना बोलून दाखवला नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी गावात गेलो होतो. फलक लावणाऱ्या भंगारवाल्याचे दुकान चालू आहे आणि फलकही जागेवर आहे, अक्षरे मात्र उन्हाने फिकी पडली आहेत. त्या बाईंच्या पडवीत घमेले नव्हते. पुंगळ्या कुठे जातात असे विचारले तेव्हा त्यांनी हसून सांगितले की आता यवतमाळकडून एक जण गाडी घेऊन येतो, थेट रस्त्यावर थांबतो, आणि ‘हे इथं घेत नाहीत’ म्हणून किलोमागे चाळीस रुपये जास्त देतो. काका त्याच्या येण्याचा वार विचारून घेत होते.